धूमकेतूंचा मागोवा

धूमकेतूंचा मागोवा म्हणजे एखाद्या धूमकेतूची सूर्याभोवतीची कक्षा, आकाशातील त्याचे दररोज बदलणारे स्थान आणि त्याची तेजस्विता यांची काही आठवडे, महिने किंवा वर्षे सातत्याने केलेली नोंद व तिच्यावरून केलेले गणित. जुन्या मराठीत धूमकेतूला शेंडेनक्षत्र असेही म्हणत. या अभ्यासाची दोन अंगे आहेत. स्थानाचे गणित गुरुत्वाकर्षणाच्या नियमांवर उभे असल्याने ते बऱ्याच अंशी अचूक असते. तेजस्वितेचा अंदाज मात्र वारंवार चुकतो. त्यामुळे धूमकेतू कोठे दिसेल हे आधी सांगता आले, तरी तो कसा दिसेल हे प्रत्यक्ष पाहिल्यानंतरच कळते. याच कारणामुळे या क्षेत्रात साध्या साधनांनी काम करणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींना आजही शास्त्रीय मोल आहे.

या लेखात मागोव्याच्या पद्धतींबरोबरच महाराष्ट्रातील, विशेषतः ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील निरीक्षणाच्या परिस्थितीची माहिती दिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचार या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. केतूंचा उदय आणि अस्त गणिताने जाणता येत नाही, असे त्याने तेथे नमूद केले आहे. ग्रहणे व ग्रहांची स्थाने वर्तविणाऱ्या परंपरेतील विद्वानाने गणिताची मर्यादा स्पष्टपणे मांडली, हे लक्षणीय आहे. आगमनाचा नियम ठाऊक नसल्यामुळेच धूमकेतू जगभर अनिष्टसूचक मानले गेले.

१५७७ च्या धूमकेतूचे वेध घेऊन ट्यूको ब्राहे याने तो चंद्राच्या पलीकडे असल्याचे दाखविले; त्यापूर्वी युरोपात धूमकेतू ही वातावरणातील घटना समजली जात असे. १७०५ मध्ये एडमंड हॅली याने १५३१, १६०७ व १६८२ या वर्षी दिसलेल्या धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ सारख्या असल्याचे दाखवून ते तिन्ही एकच असावेत, असा निष्कर्ष काढला आणि १७५८ च्या सुमारास तो परत येईल असे वर्तविले. क्लेरो, लालांद व निकोल-रेन लपोत यांनी गुरू व शनी यांच्या आकर्षणामुळे होणारा विलंब मोजून तो एप्रिल १७५९ च्या मध्यास सूर्याजवळ पोहोचेल, असे गणित केले. २५ डिसेंबर १७५८ रोजी योहान पालिच याला तो दिसला आणि १३ मार्च १७५९ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला. सुमारे ७६ वर्षांच्या फेरीच्या मानाने ही एक महिन्याची चूक अल्पच होती. वराहमिहिराने सांगितलेली मर्यादा स्थानाच्या बाबतीत येथे ओलांडली गेली.

कक्षेचे मूलांक

धूमकेतूची कक्षा शंकुच्छेदाच्या आकाराची, म्हणजे दीर्घवर्तुळ, अन्वस्त किंवा अपास्त असते. ती निश्चित करण्यासाठी सहा संख्या लागतात. त्यांना कक्षेचे मूलांक म्हणतात.

१. उपसूर्य काल : धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा क्षण.
२. उपसूर्य अंतर : त्या क्षणीचे सूर्यापासूनचे अंतर. ते खगोलीय एककात देतात. १ खगोलीय एकक म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर.
३. विमध्यता : कक्षा किती लांबट आहे याचे माप. १ पेक्षा कमी असल्यास दीर्घवर्तुळ, १ असल्यास अन्वस्त आणि १ पेक्षा जास्त असल्यास अपास्त.
४. कल : धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलाचा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी होणारा कोन. तो ९०° पेक्षा जास्त असल्यास धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो.
५. आरोही पाताचा भोगांश : धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेचे प्रतल दक्षिणेकडून उत्तरेकडे जेथे ओलांडतो, त्या बिंदूची दिशा.
६. उपसूर्य कोन : आरोही पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन.

उदाहरणार्थ, २०२४ मध्ये दिसलेल्या सी/२०२३ ए३ त्सुचिनशान–ॲटलस या धूमकेतूचा उपसूर्य काल २७ सप्टेंबर २०२४, उपसूर्य अंतर ०.३९१ खगोलीय एकक, विमध्यता १.०००१ आणि कल १३९.१° होता. एवढ्यावरूनच तो बुधाच्या कक्षेच्या आसपास पोहोचला, ग्रहांच्या उलट दिशेने आला आणि नजीकच्या भविष्यकाळात परत येणार नाही, हे समजते.

एका वेधातून विषुवांश व क्रांती अशा दोन संख्या मिळतात. म्हणून सहा मूलांकांसाठी किमान तीन वेध आवश्यक असतात. कक्षा अन्वस्त मानून गणित सोपे करण्याची रीत ओल्बर्स याने १७९७ मध्ये दिली. तीन वेधांवरून दीर्घवर्तुळी कक्षा काढण्याची गाउस याची रीत १८०१ मध्ये सिरीस या लघुग्रहासाठी वापरली गेली. काही दिवसांच्या वेधांवरून काढलेली पहिली कक्षा कच्ची असते. वेधांचा कालखंड वाढत जातो तसतशी ती पक्की होते.

स्थाननिश्चिती

धूमकेतूचे छायाचित्र घेऊन त्यातील ज्ञात ताऱ्यांच्या सापेक्ष त्याचे स्थान मोजणे, ही आजची प्रचलित पद्धत आहे. मिळालेले स्थान अमेरिकेतील केंब्रिज येथील लघुग्रह केंद्राकडे पाठवितात. जगभरातील वेध तेथे एकत्र करून कक्षा सुधारली जाते व पुढील तारखांची स्थानसारणी तयार होते.

वेधासोबत अचूक वेळ आणि निरीक्षकाचे अक्षांश-रेखांश देणे अनिवार्य असते. पृथ्वीच्या केंद्रावरून आणि पृष्ठभागावरून पाहिल्यास वस्तू किंचित वेगळ्या दिशांना दिसते. १ खगोलीय एकक अंतरावर हा फरक जास्तीत जास्त ८.८ विकला असतो, तर ०.१ एकक अंतरावर तो ८८ विकला होतो. मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे ०.१ एककावरून गेला. त्या वेळी तो दर अर्ध्या तासाला पूर्णचंद्राच्या व्यासाएवढा सरकत होता. अशा वेळी घड्याळातील एका मिनिटाची चूकही वेध निरुपयोगी करते.

स्थानाचे गणित अचूक असले, तरी ते केवळ गुरुत्वाकर्षणाने पूर्ण होत नाही. सूर्याच्या उष्णतेने गाभ्यातील बर्फाचे वायूत रूपांतर होऊन झोत सुटतात आणि त्यांच्या प्रतिक्रियेने गाभ्याला हलका धक्का बसतो. सुमारे ३.३ वर्षांनी परतणारा एंकेचा धूमकेतू प्रत्येक फेरीत सुमारे अडीच तास लवकर येतो, असे एकोणिसाव्या शतकातच आढळले होते. याचे कारण मात्र १९५० मध्ये फ्रेड व्हिपल याने गाभा बर्फ व धूळ यांचा बनलेला असल्याचे प्रतिपादन केल्यावर उलगडले. हॅलीचा धूमकेतू याच कारणाने दर फेरीत सुमारे चार दिवस उशिरा येतो. मोठ्या ग्रहाच्या सान्निध्याने कक्षा पूर्णपणे बदलूही शकते. १७७० मधील लेक्सेलचा धूमकेतू गुरूच्या प्रभावाने दुसऱ्या कक्षेत गेला व पुन्हा सापडला नाही.

तेजस्विता

तेजस्विता ‘प्रत’ या मापाने सांगतात. प्रतीचा अंक जितका लहान, तितकी वस्तू अधिक तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज, म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे २.५ पट होतो. अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

अंदाजासाठी पुढील सूत्र वापरतात :

प्रत = नि + ५ लॉग पृ + २.५ न लॉग सू

येथे ‘पृ’ हे धूमकेतूचे पृथ्वीपासूनचे व ‘सू’ हे सूर्यापासूनचे अंतर खगोलीय एककात आहे. ‘नि’ ही निरपेक्ष प्रत, म्हणजे दोन्ही अंतरे १ एकक असताना येणारी प्रत होय. ‘न’ हा अंक धूमकेतू तापल्यावर किती वेगाने उजळतो हे दर्शवितो. स्वयंप्रकाश नसलेल्या व वायू न सोडणाऱ्या खडकासाठी तो २ असतो. धूमकेतूंसाठी प्रारंभी सामान्यतः ४ धरतात. ‘न’ ४ असल्यास सूर्यापासूनचे अंतर निम्मे होताच तेज १६ पट, म्हणजे सुमारे तीन प्रतींनी वाढते. पृथ्वीपासूनचे अंतर निम्मे झाल्यास ते केवळ चौपट होते.

सूत्रातील दोन्ही अंतरे कक्षेवरून नेमकी मिळतात. ‘नि’ आणि ‘न’ हे दोन अंक मात्र प्रत्येक धूमकेतूचे वेगळे असतात व ते निरीक्षणावरूनच काढावे लागतात. एकाच धूमकेतूसाठी ते प्रवासात बदलूही शकतात. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

कोहूटेक (१९७३) : मार्चमध्ये सूर्यापासून दूर असतानाच सापडल्याने तो अत्यंत तेजस्वी होईल अशी जगभर प्रसिद्धी झाली. दूरवर लवकर उजळलेला हा धूमकेतू पुढे त्या वेगाने उजळला नाही आणि पृथ्वीवरून पाहणाऱ्यांची निराशा झाली.

होम्स (२००७) : २४ ऑक्टोबर २००७ रोजी हा धूमकेतू साधारण दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून २.८ प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे पाच लाख पटीने उजळला आणि ययाती तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. तेव्हा तो सूर्यापासून दूर चालला होता. सूत्रानुसार त्याने मंद होणे अपेक्षित होते.

आयसॉन (२०१३) : २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्यकेंद्रापासून सुमारे १९ लाख किलोमीटर अंतरावरून जाताना तो विखुरला. डिसेंबरच्या आकाशात अपेक्षित असलेले दृश्य कोणालाही दिसले नाही.

त्सुचिनशान–ॲटलस (२०२४) : याची वाढ मंदावलेली पाहून जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना या ज्येष्ठ अभ्यासकाने तो सूर्याजवळ पोहोचण्यापूर्वी नष्ट होईल असे मत मांडले. धूमकेतू टिकला. ९ ऑक्टोबरच्या सुमारास तो पृथ्वी व सूर्य यांच्या मधोमध आल्यावर त्याच्या धुळीतून सूर्यप्रकाश पुढे विखुरला गेला आणि त्याची प्रत काही काळ उणे ५ च्या जवळ पोहोचली. परंतु तेव्हा तो सूर्याच्या अगदी निकट असल्याने मुख्यतः अवकाशातील सौर वेधशाळेच्या चित्रांतच दिसला.

तेजस्विता मोजण्याच्या दृश्य पद्धती

तारा बिंदुरूप दिसतो, तर धूमकेतूचे शीर्ष धूसर ठिपक्यासारखे पसरलेले असते. त्यामुळे दोहोंची थेट तुलना करता येत नाही. यासाठी तीन रीती रूढ आहेत.

सिजविक रीत : धूमकेतूचे शीर्ष स्पष्ट नाभियनात पाहून त्याची सरासरी उजळी लक्षात ठेवायची, नंतर द्विनेत्रीचे नाभियन बिघडवून तारा शीर्षाएवढा पसरवायचा व तुलना करायची.

बॉब्रोव्हनिकॉफ रीत : धूमकेतू व तारे दोन्ही एकाच वेळी, त्यांचे आकार सारखे दिसेपर्यंत, नाभियनाबाहेर नेऊन तुलना करायची.

मॉरिस रीत : शीर्षाची उजळी एकसारखी दिसेल इतपतच धूमकेतू धूसर करायचा, त्याचा आकार व उजळी स्मरणात ठेवायची आणि तारे तेवढ्याच आकाराचे करून पाहायचे.

तुलनेसाठी धूमकेतूपेक्षा किंचित तेजस्वी व किंचित मंद असे किमान दोन तारे घेतात. समजा, एका ताऱ्याची प्रत ४.० व दुसऱ्याची ५.० आहे. त्यांतील अंतराचे दहा भाग कल्पिले आणि धूमकेतू पहिल्या ताऱ्यापासून चार भाग दूर वाटला, तर त्याची प्रत ४.४ नोंदवितात. अनुभवी निरीक्षकांच्या अंदाजांतही काही दशांश प्रतींचा फरक पडतो. म्हणून अनेकांच्या नोंदी एकत्र करून तेजस्वितेचा आलेख काढला जातो.

नोंदीत तारीख व वेळ, प्रत, वापरलेली रीत, ताऱ्यांची सूची, उपकरणाचा व्यास व विवर्धन, शीर्षाचा व्यास कलांत, शीर्षाची घनता ० ते ९ या श्रेणीत आणि शेपटीची लांबी व दिशा असावी. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, दिवसाच्या दशांशात देतात. भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा केल्यास ती मिळते. उदाहरणार्थ, १४ ऑक्टोबर रोजी सायंकाळी ७ वाजून १२ मिनिटे म्हणजे जागतिक वेळेनुसार १३ वाजून ४२ मिनिटे. ही वेळ १४.५७ ऑक्टोबर अशी लिहितात. स्लोव्हेनियातील चर्नी व्रह वेधशाळेने चालविलेल्या ‘कॉब्स’ या संग्रहात कोणताही निरीक्षक अशा नोंदी पाठवू शकतो.

महाराष्ट्रातील निरीक्षण

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. ती हौशी खगोलप्रेमींच्या देशातील जुन्या संस्थांपैकी एक आहे. १९८५–८६ मधील हॅलीच्या धूमकेतूच्या आगमनाने महाराष्ट्रात आकाशनिरीक्षणाची मोठी लाट आली. मुंबईतील खगोल मंडळ याच काळातले; ठाणे जिल्ह्यातील वांगणी येथील त्याचे रात्रभराचे निरीक्षण-कार्यक्रम परिचित आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण गिरवली येथे २००६ पासून कार्यरत आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांची लडाखमधील हान्ले येथील ०.७ मीटर व्यासाची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण झपाट्याने बदलणाऱ्या खगोलीय घटनांबरोबर सूर्यकुलातील लहान पिंडांचेही वेध घेते. मराठी साहित्यात जयंत नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या विज्ञानकथेचा विषय हौशी निरीक्षकाला सापडलेला धूमकेतू हाच आहे.

शहापूर व मुरबाड परिसर

उंबरमाळी हे शहापूर तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर, खर्डी व कसारा या स्थानकांच्या दरम्यान आहे. त्याचा अक्षांश सुमारे १९.६° उत्तर आहे. त्यामुळे तेथून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर दिसतो आणि दक्षिणेकडे सुमारे –७०° क्रांतीपर्यंतचे आकाश तत्त्वतः क्षितिजावर येते.

या अक्षांशाचा लाभ १९८६ मध्ये स्पष्ट झाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हॅलीचा धूमकेतू पृथ्वीच्या जवळ असताना त्याची क्रांती सुमारे –४७° होती. ९०° मधून अक्षांश व दक्षिण क्रांती वजा केल्यास मध्यमंडलावरील उंची मिळते. या परिसरात ती सुमारे २३° येते. त्याच वेळी लंडनच्या अक्षांशावर तो क्षितिजावरही येत नव्हता. तरीही १९१० च्या तुलनेत तो फिका होता. १९१० मध्ये तो पृथ्वीपासून ०.१५ एककावर आला होता, तर १९८६ मध्ये ०.४२ एककावर, केवळ या अंतराच्या फरकाने तेज सुमारे आठपट कमी होते.

या परिसरातील क्षितिजाला मात्र मर्यादा आहेत. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. निरीक्षकापेक्षा एक किलोमीटर उंच कडा दहा किलोमीटरवर असल्यास तो पूर्व क्षितिजाचा सुमारे ५.७° भाग झाकतो आणि उगवणारी वस्तू सुमारे २४ मिनिटे उशिरा दिसते. सूर्यालगतच्या धूमकेतूंसाठी ही हानी मोठी असते. त्सुचिनशान–ॲटलस सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सूर्योदयापूर्वी जेमतेम तास-दीड तास वर येत होता. त्यातील अर्ध्या तासात आधीच उजाडू लागलेले असते. म्हणून पहाटेच्या धूमकेतूसाठी डोंगराच्या पायथ्यापेक्षा पश्चिमेकडील मोकळे माळ किंवा उंच सडे अधिक सोयीचे ठरतात.

सायंकाळच्या धूमकेतूंना दुसरी अडचण येते. मुरबाडहून पश्चिमेला कल्याण आणि उंबरमाळीहून नैर्ऋत्येला भिवंडी, ठाणे व मुंबई यांच्या दिव्यांची आभा क्षितिजावर पसरते. तिच्यामुळे शीर्षाची फिकट कडा दिसेनाशी होते आणि धूमकेतू प्रत्यक्षापेक्षा मंद नोंदविला जातो. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास त्सुचिनशान–ॲटलस याच पश्चिम आकाशात होता व १५ ऑक्टोबरच्या सुमारास एम ५ या तारकागुच्छाजवळून गेला. अशा प्रसंगी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत नोंदीत लिहिल्यास तिची विश्वसनीयता ठरविता येते. क्षितिजालगत वातावरणानेही तेज घटते. १०° उंचीवर प्रकाशाला खमध्याच्या सुमारे साडेपाचपट हवेतून यावे लागते; म्हणून तुलनेचे तारे त्याच उंचीवरचे निवडावेत.

ऋतुमानही विचारात घ्यावे लागते. जून ते सप्टेंबर पावसाळी ढगांमुळे निरीक्षण जवळजवळ बंद असते. जुलै २०२० मध्ये निओवाइज हा धूमकेतू भारतातून सायंकाळी वायव्येस दिसण्याजोगा झाला, तो नेमका कोकणातील भर पावसाचा काळ होता. हिवाळ्यात तानसा व भातसा जलाशयांलगत पहाटे धुके पडते. उन्हाळ्यात भातशेतीसाठी राब भाजल्याचा व वणव्यांचा धूर क्षितिजालगत साचतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंतचा काळ सामान्यतः सर्वांत अनुकूल असतो.

नोंदींचे महत्त्व

मोठ्या दुर्बिणींचा वेळ मर्यादित असतो, त्यांचे दृश्यक्षेत्र लहान असते आणि सूर्यालगतच्या धूमकेतूंकडे त्या वळविता येत नाहीत. धूमकेतूचा अचानक स्फोट किंवा विघटन कोणत्या रात्री होईल हे आधी कळत नसल्याने, विविध रेखांशांवरील निरीक्षकांची अखंड साखळीच ते टिपू शकते. युरोपात दिवस असताना भारतात रात्र असते. येथील नोंद नसल्यास आलेखात तेवढी पोकळी राहते व ती नंतर भरून काढता येत नाही. धूमकेतू दिसला नाही, ही नोंदही आकाशाच्या स्थितीसह लिहिल्यास उपयुक्त असते.

हॅलीचा धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये सूर्यापासून सर्वाधिक अंतरावर पोहोचून परत फिरला आहे. तो २८ जुलै २०६१ रोजी उपसूर्य बिंदूपाशी येईल. त्या वेळी तो सूर्याच्या, पृथ्वी असलेल्याच बाजूला असल्याने १९८६ पेक्षा अधिक तेजस्वी दिसण्याची अपेक्षा आहे. हा दिवस कोकणातील पावसाळ्यात येतो. त्या रात्रीचे त्याचे स्थान आजच गणिताने सांगता येते. त्याची तेजस्विता मात्र ढगांच्या फटीतून का होईना, त्या वेळच्या निरीक्षकांनाच नोंदवावी लागेल.